सहलीचा कार्बन मोजायचा कसा? ठाणे ते गणपतीपुळे, एक हिशोब

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की घोडबंदर रोडपासून नेरूळ-खारघरपर्यंत घराघरांत खलबतं सुरू होतात. यंदा कुठे जायचं, गाडीने जायचं की ट्रेनने, विमानाचं तिकीट आत्ताच काढलं तर स्वस्त पडेल का? खर्चाचा हिशोब आपल्याला चोख जमतो. पेट्रोल, टोल, राहणं, जेवण, वरखर्च, माणशी किती पडले, सगळं रुपयापर्यंत. याच सहलीचा आणखी एक हिशोब असतो आणि तो किलोत होतो: आपल्या जाण्यायेण्यामुळे, राहण्याखाण्यामुळे किती किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला?

विमानाचं तिकीट शोधताना भाड्याच्या शेजारी हल्ली हा आकडा दिसतो. बहुतेक जण त्यावरून नजर फिरवून पुढे जातात. तो कुठून आला, त्यात काय धरलं, जास्त म्हणजे नक्की किती, हे कळायला मार्ग नसतो. खरं तर तो काढायला शाळेतलं गुणाकार-भागाकाराचं गणित पुरतं. कठीण भाग वेगळा आहे. हिशोबात काय काय धरायचं आणि आलेली बेरीज कितीने भागायची, हे आधी ठरवावं लागतं. ही दोन उत्तरं बदलली की एकाच सहलीचा आकडा सहज दुप्पट-तिप्पट होतो. 'पर्यावरणपूरक पर्यटन' म्हणून जे विकलं जातं, ते पारखायचं असेल तर आधी या दोन ठिकाणी बोट ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मोजायचं कशाला, तर आकडा लहान नाही म्हणून. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ साली पर्यटनामुळे सुमारे ५२० कोटी टन हरितगृह वायू हवेत गेले. माणसाने त्या वर्षी सोडलेल्या एकूण वायूंपैकी हा वाटा ८.८ टक्के होता. त्याआधीच्या दहा वर्षांत ही रक्कम वर्षाला साडेतीन टक्क्यांनी वाढत होती, आणि वाढीत सर्वांत पुढे असलेल्या देशांत अमेरिका आणि चीनबरोबर भारताचं नाव आहे. आपल्याकडे लोक आत्ता कुठे मोकळेपणाने फिरायला लागले आहेत. त्यांनी फिरू नये असं मला मुळीच म्हणायचं नाही. उलट, ज्यांनी आयुष्यभर चाळीच्या खोलीत उन्हाळे काढले त्यांनी समुद्र आणि हिमालय बघायलाच हवा. पण हिशोब माहीत असला तर त्याच पैशांत, त्याच रजेत, बराच कमी धूर करून फिरता येतं.

एक लिटर पेट्रोल, सव्वादोन किलोंहून जास्त वायू

पहिली पायरी इंधनाची. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. इथे बरेच जण अडतात, कारण एक लिटर पेट्रोलचं वजनच मुळी पाऊण किलो. मग त्यातून दोन किलोंहून जास्त वायू येतो कुठून? उत्तर हवेत आहे. पेट्रोलमध्ये मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन असतो. जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू जोडून घेतो. १२ ग्रॅम कार्बनचा ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. जास्तीचं वजन ऑक्सिजनचं.

अशा ठरावीक आकड्यांना उत्सर्जन गुणांक म्हणतात, आणि सगळी मोजणी त्यांच्यावरच उभी असते. डिझेलचा गुणांक लिटरला साधारण २.७ किलो. स्वयंपाकाच्या गॅसचा किलोला ३ किलोंच्या आसपास, म्हणजे घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर संपलं की बेचाळीस-त्रेचाळीस किलो. विजेचा गुणांक ती कशापासून बनते त्यावर ठरतो. आपल्या देशात बरीचशी वीज अजून कोळशापासून येते, म्हणून एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो धरतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा वेळोवेळी जाहीर करतं.

कार्बन डायऑक्साइडखेरीज मिथेन आहे, एसीतले वायू आहेत. प्रत्येकाची हवा तापवण्याची ताकद वेगळी. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७ ते ३० पट तापवतो. म्हणून सगळ्यांचं रूपांतर 'कार्बन डायऑक्साइडच्या तुल्य' किलोत करून एकच बेरीज करतात. लेखात पुढे जिथे नुसतं 'किलो' म्हटलं आहे, तिथे हाच अर्थ घ्यावा.

गाडी, ट्रेन, लालपरी

आता प्रत्यक्ष सहल घेऊ. माजिवड्याहून चार जणांचं कुटुंब गणपतीपुळ्याला निघालं आहे. जाऊन-येऊन सातशे किलोमीटर, आणि तिकडे मालगुंड, जयगड, आरे-वारे असं फिरणं धरून आठशे. पेट्रोलची मध्यम गाडी, एसी चालू, महाड सोडल्यावर कशेडी आणि पुढचे चढउतार. लिटरला सोळा किलोमीटर धरू. पन्नास लिटर पेट्रोल लागलं. पन्नास गुणिले २.३, झाले ११५ किलो. चौघांत वाटले तर माणशी २९.

याच गाडीत एकटा माणूस गेला असता तर ११५ चे ११५ त्याच्या एकट्याच्या नावावर. गाडी तीच, रस्ता तोच, खड्डेही तेच. आणि मोठी डिझेल गाडी घेतली, जिला लिटरला अकरा किलोमीटर मिळतात, तर ७३ लिटर डिझेल, म्हणजे १९५ किलोंच्या पुढे.

ट्रेनने गेलात तर? कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. विजेवरच्या गाडीचा प्रवाशामागचा आकडा डबा किती भरला आहे, एसी आहे की साधा, यावर हलतो. आपल्या गच्च भरलेल्या गाड्यांमुळे तो जगातल्या कमीत कमी आकड्यांत मोडतो. हिशोबाला हात जरा सैल ठेवून दर किलोमीटरला माणशी १५ ग्रॅम धरू. ठाणे ते रत्नागिरी जाऊन-येऊन साडेसहाशे किलोमीटरचे माणशी दहा किलो. चौघांचे चाळीस. रत्नागिरी स्टेशनवरून पुढे गणपतीपुळ्यापर्यंत आणि तिथल्या फिरण्यासाठी रिक्षा-टॅक्सी धरली तर आणखी पंधरा-वीस. म्हणजे गाडीचे ११५ आणि ट्रेनचे साधारण ६०.

फरक निम्म्याचा आहे, पण अनेकांना वाटतो तितका आकाशपाताळाचा नाही. भरलेली गाडी ही वाईट गोष्ट नव्हे. रिकाम्या सीट घेऊन पळणारी गाडी वाईट. शनिवारी सकाळी कळंबोलीच्या सर्कलवर पाच मिनिटं उभं राहून द्रुतगती मार्गाकडे वळणाऱ्या गाड्यांत डोकावून बघा. एक-दोन माणसं आणि मागच्या सीटवर एखादी बॅग, अशा कितीतरी दिसतील.

लालपरीचा हिशोब तर मला फार आवडतो. खोपटहून सुटलेली एसटी डिझेलवर लिटरला साडेचार किलोमीटर धावते असं धरू. ३४० किलोमीटरला ७५ लिटर, म्हणजे दोनशे किलो. ऐकायला भयंकर. पण आत चाळीस माणसं बसली आहेत. माणशी पाच किलो, जाऊन-येऊन दहा. ट्रेनच्या बरोबरीने! तीच बस आडदिवशी बारा जणांना घेऊन गेली तर माणशी सतरा, तेही एका बाजूचे.

विजेवरच्या गाडीबद्दल हटकून प्रश्न येतो. ती धूर सोडत नाही हे खरं, पण वीज कुठेतरी तयार होतेच. विजेची कार शंभर किलोमीटरला साधारण पंधरा युनिट खाते. ०.७ ने गुणलं की साडेदहा किलो. आपली सोळाचं अॅव्हरेज देणारी पेट्रोल गाडी तेवढ्याच अंतराला साडेचौदा सोडते. आज फायदा आहे, पण 'शून्य प्रदूषण' हे जाहिरातीतलं वाक्य हिशोबात बसत नाही. सौर आणि पवन वीज जशी वाढेल तसा हा आकडा आपोआप खाली येईल, पेट्रोलचा २.३ मात्र तिथेच राहणार. आणखी एक बारीक गोष्ट: पेट्रोल जमिनीतून काढणं, शुद्ध करणं, पंपापर्यंत आणणं यातही इंधन जळतं. ते धरलं तर वीसेक टक्के चढतात. दोन आकड्यांची तुलना करताना दोन्हींत ते धरलं आहे की दोन्हींत सोडलं आहे, एवढं पाहावं.

'ट्रेन तशीही जाणारच होती, मी बसल्याने काय वाढलं?' असं कोणी म्हणालं तर ते एका फेरीपुरतं बरोबर आहे. पण हाच युक्तिवाद विमानालाही लावता येतो, आणि मग जगात कोणाच्याच नावावर काही चढत नाही. मागणी बघून फेऱ्या वाढतात किंवा कमी होतात. म्हणून सरासरी काढून प्रत्येकाचा वाटा प्रत्येकाला देतात.

राहण्याचा हिशोब: एका काकूंची वही

प्रवासाचं गणित इंधनावर सुटतं. राहण्याचं तसं नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. मालगुंडला एका ओळखीच्या काकूंचं सहा खोल्यांचं घरगुती राहण्याचं ठिकाण आहे. मी त्यांना म्हटलं, "काकू, मे महिन्याचं लाइट बिल बघू का?"

"बिल कशाला बघतोस रे? मी दर वाढवले नाहीयेत."

"दर नको, युनिट बघायचेत."

त्यांनी बिल काढलं आणि बरोबर एक लांबट वही. वहीत सिलिंडर कधी लावलं, जनरेटरला डिझेल किती आणलं, कोणती खोली किती रात्री लागली, सगळं तारीखवार. अशी वही असली की सल्लागार कंपनीची गरज नाही. गोल आकड्यांत सांगायचं तर मे महिन्यात ९०० युनिट वीज, १९ किलोची चार व्यावसायिक सिलिंडर आणि जनरेटरसाठी २० लिटर डिझेल. विजेचे ६३०, गॅसचे २२८, डिझेलचे ५४. एकूण ९१२ किलो. महिन्यात सहा खोल्या मिळून १२० रात्री भरल्या होत्या. भागाकार केला तर एका खोलीच्या एका रात्रीमागे साडेसात किलोंच्या जरा वर.

मग जुलैचं पान उघडलं. वीज ३५० युनिट, एकच सिलिंडर. एकूण तीनशेच्या आसपास. मेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा धूर. पण पावसाळ्यात पाहुणे कुठले? वीसच रात्री भरल्या. भागाकार पंधरा किलो! एकूण धूर एक तृतीयांश झाला आणि 'दर रात्रीचा' आकडा दुप्पट. वीस पाहुणे येवोत की शंभर, फ्रिज चालतोच, अंगणातला दिवा लागतोच, पंप सुरू असतोच. पंगत पन्नासांची मांडली आणि जेवायला दहाच आले, तर माणशी खर्च वाढणारच, तसं हे आहे. म्हणून कोणत्याही हॉटेलने 'आमचा एका रात्रीचा आकडा अमुक' असं सांगितलं की तो वर्षभराचा आहे की ऐन हंगामातल्या एका महिन्याचा, हे आधी विचारावं.

मोठ्या हॉटेलांसाठी याची एक ठरलेली पद्धत २०१२ पासून आहे. जागतिक हॉटेल साखळ्यांनी एकत्र येऊन ती बनवली. वर्षभराची वीज, गॅस, डिझेल आणि बाहेर धुवायला दिलेले कपडे यांची बेरीज करायची. खोल्यांचं क्षेत्रफळ आणि लग्नाचे-बैठकांचे हॉल यांचं क्षेत्रफळ बघून तिची विभागणी करायची, आणि खोल्यांच्या वाट्याला प्रत्यक्ष भरलेल्या रात्रींनी भागायचं. ब्रिटनचं सरकार दरवर्षी देशोदेशींच्या हॉटेलांचे सरासरी आकडे छापतं. त्यात भारतातल्या हॉटेलच्या एका खोलीची रात्र पन्नास किलोंच्या वर जाते आणि ब्रिटनमधली दहाच्या आसपास राहते. ही सरासरी प्रामुख्याने बड्या हॉटेलांची आहे. मध्यवर्ती एसी, पोहण्याचा तलाव, चोवीस तास गरम पाणी, आणि वर कोळशाची वीज. काकूंच्या साडेसात किलोंशेजारी हे पन्नास ठेवून बघा. खाटेवर झोपणारा माणूस तोच असतो.

काकूंच्या वहीत एक गोष्ट नव्हती, ती मी मुद्दाम विचारली: एसीचा गॅस कधी भरला? दोन खोल्यांत एसी आहेत, आणि खारं वारं तांब्याच्या नळ्या खातं. बऱ्याच एसींत आर-४१०ए नावाचा वायू असतो. त्याची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून जास्त. एका एसीत साधारण किलोभर वायू मावतो. तो गळून गेला की दोन टन. काकूंच्या अख्ख्या मे महिन्याच्या दुपटीहून जास्त, तेही एका गळक्या सांध्यामुळे, कोणाला वासही न येता. आर-३२ हा वायू त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच तापवतो, आणि नव्या एसींत तो सर्रास मिळतो. कोकणात, अलिबागला किंवा येऊरच्या पायथ्याशी ज्यांचे बंगले भाड्याने जातात, त्यांनी दुसरं काही नाही केलं तरी एसीच्या सर्व्हिसिंगच्या वेळी गॅस किती भरला ते लिहून ठेवावं. मोजणीत सर्वांत जास्त सुटणारी रक्कम बहुधा हीच असते.

आता सगळं जोडू. चार माणसं, दोन खोल्या, तीन रात्री, आठ किलोंच्या हिशोबाने ४८ किलो. गाडीचे ११५ मिळवले की १६३. प्रवासाचा वाटा सत्तर टक्के. हेच कुटुंब तीन-तीन रात्रींसाठी वर्षात दोनदा गेलं तर ३२६. त्याऐवजी एकदाच जाऊन सहा रात्री राहिलं तर प्रवास ११५ आणि राहणं ९६, एकूण २११. समुद्रकिनाऱ्यावरच्या रात्री तेवढ्याच, आणि ११५ किलो वाचले. दोन छोट्या सहलींची एक लांब सहल करणं हा मला माहीत असलेला सर्वांत सुखाचा उपाय आहे. त्यात कोकणातल्या माणसाचं उत्पन्नही बुडत नाही.

जेवणाचं मी थोडक्यात सांगतो. किनाऱ्यावरची ताजी मासळी, घावणे, कुळथाचं पिठलं यांचा बोजा थोडा असतो. बुफेत मांडून उरलेलं आणि डंपिंग ग्राउंडवर जाऊन कुजणारं अन्न जास्त त्रास देतं, कारण तिथे त्याचा मिथेन होतो.

विमान आलं की सगळे आकडे बदलतात

नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरअखेर प्रवासी विमानं उडू लागली. उलवे, पनवेल, खारघरच्या लोकांना आता विमान दाराशी आलं आहे. त्यामुळे हा भाग जरा नीट समजून घेऊ.

एक किलो विमानाचं इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड. मुंबई–गोव्यासारख्या छोट्या उड्डाणात एका बाजूला माणशी साधारण पन्नास किलो धरता येतात. चौघांचे जाऊन-येऊन चारशे. ठाण्याहून गोव्याला तेच कुटुंब आपल्या गाडीने गेलं तर १६५ च्या आसपास, आणि ट्रेनने सत्तर. अंतर कमी असलं तरी विमान स्वस्त पडत नाही, कारण वजनदार विमान जमिनीवरून उचलून वर नेण्यातच बरंचसं इंधन जातं. छोट्या उड्डाणात ते थोड्याच किलोमीटरांवर वाटलं जातं, म्हणून दर किलोमीटरचा आकडा चढतो.

लांबच्या प्रवासात दर किलोमीटरचा आकडा उतरतो, पण किलोमीटरच एवढे असतात की बेरीज डोंगराएवढी होते. मुंबई–लंडन जाऊन-येऊन साध्या वर्गात माणशी साधारण एक टन. भारतातल्या सरासरी माणसाचं वर्षभराचं कार्बन डायऑक्साइडचं खातं सुमारे दोन टनांचं आहे, आणि त्यात त्याची वीज, प्रवास, कारखान्यांत त्याच्यासाठी बनणाऱ्या वस्तू, सगळं आलं. बिझनेस क्लासची रुंद खुर्ची जास्त जागा अडवते, म्हणून तिच्या वाट्याला साध्या खुर्चीच्या जवळपास तिप्पट येतात.

या आकड्यांत आणखी एक वाद दडलेला आहे. विमान उंचावरून जाताना मागे पांढरी रेघ सोडतं, ती आपण येऊरच्या टेकडीवरूनही बघतो. तो बर्फाच्या कणांचा ढग असतो. काही वेळा तो पसरतो, टिकतो आणि जमिनीची उष्णता अडवून धरतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं की विमानांमुळे आजवर झालेल्या तापमानवाढीत नुसत्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा एक तृतीयांशच आहे. बाकीचं या रेघांचं आणि नायट्रोजनच्या संयुगांचं. ब्रिटिश सरकार विमानाच्या आकड्याला १.७ ने गुणायला सांगतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं गणकयंत्र असं गुणत नाही. म्हणून एकाच तिकिटाला दोन संकेतस्थळांवर दोन आकडे दिसतात. दोन्ही खोटे नसतात. एकाने आकाशातली रेघ धरली, दुसऱ्याने सोडली.

आणि विमानतळ 'हरित' आहे असं वाचलंत तर ते बहुतेक वेळा टर्मिनलची वीज, एसी आणि धावपट्टीवरच्या गाड्या यांबद्दल असतं. उड्डाणांचा धूर विमान कंपनीच्या खात्यात जातो. आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा तर कोणत्याच देशाच्या एकूण बेरजेत जात नाही. हवामान कराराच्या कागदांत तो वेगळ्या ओळीत लिहितात. एवढी मोठी रक्कम आणि तिला मालक देश नाही, हे मला कायम खटकत आलं आहे.

कोणाच्या खात्यात, कोणत्या रकान्यात

मालक कोण, हा प्रश्न हॉटेललाही लागू आहे. कंपन्यांच्या मोजणीचे जगभर वापरले जाणारे नियम २००१ मध्ये पहिल्यांदा आले, आणि त्यात तीन रकाने आहेत. पहिल्यात स्वतःच्या आवारात जळलेलं: काकूंचा गॅस, जनरेटरचं डिझेल, गळलेला एसीचा वायू. दुसऱ्यात विकत घेतलेली वीज. तिसऱ्यात बाकी सगळं: पाहुणे कशाने आले, भाजी कुठून आली, चादरी कुठे धुतल्या, कचरा कुठे गेला. पर्यटनाच्या धंद्यात तिसरा रकाना बहुधा सर्वांत जड असतो, आणि जाहिरातीत नेमका तोच गाळलेला असतो. छतावर सौर पॅनेल लावलेलं रिसॉर्ट पहिल्या दोन रकान्यांत खरोखर चांगलं असू शकतं. पण तिथे जायला प्रत्येक पाहुणा विमानाने आणि मग टॅक्सीने येत असेल, तर सहलीचा मोठा भाग पॅनेलच्या आवाक्याबाहेर राहतो. टॉवेल पुन्हा वापरा असं सांगणारं बाथरूममधलं कार्ड पाणी वाचवतं, ते पाळावंच. कार्बनमध्ये त्याने ग्रॅमांचा फरक पडतो.

देशाच्या पातळीवर पर्यटक म्हणजे कोण, हेही ठरवावं लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येत नेहमीच्या परिसराबाहेर वर्षापेक्षा कमी काळासाठी गेलेला माणूस येतो, आणि नातेवाइकांकडे जाणं त्यात धरलेलं आहे. म्हणजे गणपतीला दिव्याहून, ठाण्याहून, पनवेलहून कोकणात जाणारा चाकरमानी हिशोबात पर्यटक ठरतो. त्याला स्वतःला हे मान्य होणार नाही, कारण तो घरी चालला आहे. पण मोजणीसाठी हे उपयोगाचं आहे. त्या आठवड्यात किती माणसं कशाने गेली हे नीट मोजलं, तर जादा गाड्या कुठे आणि किती सोडायच्या याचं उत्तर त्यातूनच मिळतं, आणि महामार्गावर रात्रभर इंजिन चालू ठेवून अडकलेल्या गाड्या कमी होतात. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने पर्यटनाचं उत्पन्न, रोजगार आणि पर्यावरणावरचा भार एकाच चौकटीत मोजायची पद्धत मंजूर केली, तीही याच विचाराने.

एका गोष्टीची मर्यादा इथे सांगायला हवी. ऐरोलीहून खाडीत बोटीने फ्लेमिंगो बघायला जाणं ही आपल्या भागातली अत्यंत कमी कार्बनची सहल आहे. ठाणे खाडीचं हे अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आलं. ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीला उतरून रिक्षा केली तर माणशी किलोभरही होत नाही. पण बोट थव्याच्या फार जवळ नेली आणि पक्षी चरायचे सोडून उडाले, तर ते नुकसान कोणत्याच किलोत उतरत नाही. तीच गोष्ट येऊरच्या जंगलात रात्री लागणाऱ्या स्पीकरची. माथेरानला गाड्यांना दस्तुरीच्या पुढे बंदी आहे, त्यामुळे डोंगरावरचा धूर नगण्य. मात्र तिथवर शेकडो गाड्या चढतात आणि पाणी व कचऱ्याचा भार उरतोच. कार्बनचा आकडा कार्बनपुरता वाचावा. पाणी, कचरा, आवाज यांची वही वेगळी ठेवावी लागते.

झाडं लावून हिशोब मिटवण्याबद्दलही सांगतो. तिकिटाबरोबर थोडे पैसे भरून 'कार्बन न्यूट्रल' होण्याची सोय असते. रोप आज लावलं तर त्याला तो कार्बन शोषायला वर्षानुवर्षं लागतात, आणि विमानाचा धूर आज संध्याकाळीच हवेत गेलेला असतो. मध्ये वणवा लागला, रोप वाळलं, तर सगळं मुसळ केरात. झाडं लावा, खाडीतली खारफुटी तर जिवापाड जपा, तिच्या चिखलात शतकांचा कार्बन साठलेला आहे. पण ते सहलीच्या बेरजेतून वजा करू नका. वेगळ्या ओळीत लिहा.

सोसायटीची, शाळेची किंवा ट्रेकिंग ग्रुपची सहल काढणाऱ्यांनी पुढच्या वेळी खर्चाच्या तक्त्यातच चार रकाने वाढवावेत: किती लिटर इंधन भरलं, गाडीत किती माणसं होती, किती खोल्या किती रात्री घेतल्या, आणि राहण्याच्या ठिकाणचं महिन्याचं वीजबिल किती युनिटचं. शेवटचं मागायला संकोच वाटतो, पण घरगुती ठिकाणांचे मालक ते आनंदाने दाखवतात, असा माझा अनुभव आहे. निघताना आणि परतल्यावर गाडीच्या किलोमीटरचा फोटो काढून ग्रुपवर टाकला तरी अॅव्हरेजने भागून पहिला रकाना भरता येतो. बाकी गुणाकार दहावीतला कोणीही मुलगा घरी बसून करेल.